सात डोळ्यांची बरणी

त्या सोमवारी नाहीद केंद्रावर गेली ती फक्त पाणी बदलायला. पाणी म्हणजे फॉर्मॅलिन, पण केंद्रावर त्याला कोणी त्या नावानं ओळखत नसे. २००६ सालचा मे महिना होता. चंद्रपुरात पारा सेहेचाळीसच्या वर गेलेला, आणि ज्या शहराच्या उशाशी एवढं मोठं वीजघर धूर ओकत उभं आहे, त्याच शहरात दिवसाला सहा-सहा तास लाईन जायची. शनिवार-रविवार केंद्र बंद असे. दोन दिवस बंद खोलीत उकाडा कोंडला की वास भिंतींना धरून बसायचा. म्हणून सोमवारी आधी खिडक्या उघडायच्या, झाकणं पुसायची आणि बरण्यांतलं पाणी बदलायचं, हे नाहीदचं ठरलेलं काम.

केंद्र म्हणजे मागच्या इमारतीतल्या दोन खोल्या. पाटीवर ‘सामायिक नेत्ररोग संशोधन केंद्र’ असं भारदस्त नाव. तीन संस्थांनी मिळून ते काढलं होतं. एकीनं मायक्रोस्कोप दिला, दुसरीनं फ्रीज, तिसरीनं जागा. सामायिक विहिरीचं जे होतं तेच इथं झालं. पाणी सगळ्यांना हवं, गाळ काढायला कोणी नाही. गाळ काढायला नाहीद होती.

सावली, मूल या गावांकडच्या धानाच्या पट्ट्यात कापणी-चुरणीच्या दिवसांत डोळ्यात पात लागते, तूस उडतं. बुबुळावर ओरखडा पडतो. मग कोणी त्यात पाल्याचा रस पिळतं, कोणी दूध घालतं. आठ-दहा दिवसांत बुबुळ पांढरं पडतं, आत बुरशी धरते, पू साचतो, आणि उशीर झालाच तर डोळा काढावा लागतो. असे काढलेले डोळे या दोन खोल्यांत येत. तिन्ही संस्थांचे डॉक्टर आळीपाळीनं येऊन त्यांचे काप घेत, काचेखाली पाहत आणि हात धुऊन नागपूरची गाडी पकडत.

पहिल्या आठवड्यात नाहीद तीनदा ओकली होती. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि खरं सांगायचं तर किळसवाणी गोष्ट हीच आहे. दुसऱ्या वर्षी ती त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडून जेवू लागली. घरी तिची आई अख्तरी तिला अंघोळ केल्याशिवाय गॅसपाशी उभी राहू देत नसे.

पण एका गोष्टीची सवय तिला झाली नव्हती, आणि ती तिची स्वतःची चूक होती. मागच्या डिसेंबरात डोळे भराभर आले आणि बाटल्या संपल्या. तिन्ही संस्थांकडे चिठ्ठ्या गेल्या. प्रत्येकीनं कळवलं की बाटल्या दुसरीनं द्यायच्या आहेत. शेवटी नाहीदनं घरून लोणच्याची मोठी काचेची बरणी आणली आणि सात डोळे तिच्यातच टाकले. प्रत्येकाच्या मागच्या नसेला दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधली. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची असते, कारण या पाण्यात शाई टिकत नाही. घाईत तिनं पेन वापरला. महिन्याभरात सातही चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या. कोणता डोळा कोणाचा हे सांगणं अल्लाशिवाय कोणाच्या हातात उरलं नाही. वहीत मात्र सात नावांपुढं सात वेगवेगळ्या बाटल्यांचे नंबर होते, आणि ती बरणी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या फाइलींच्या मागं होती.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला ती वरच्या बरण्या पुसत होती, तेव्हा दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. पुरुष साठीच्या आसपासचा, खांद्यावर दुपट्टा, पायात टायरच्या चपला. त्याच्या मागं बाई. बाईच्या डाव्या डोळ्याची पापणी खोल बसलेली होती. बाई इतकी वाळली होती की लुगडं काठीला गुंडाळल्यासारखं दिसत होतं. त्यानं नाव सांगितलं, मुखरू. ही बायको, कमळा. सावलीजवळच्या गावाहून पहाटेच्या गाडीनं आले होते.

नाहीदनं त्यांना आत घेतलं, माठातलं पाणी दिलं. कमळाबाईनं पेला तोंडाशी नेला, हुंगला आणि खाली ठेवला. ती जवळ बसली तेव्हा नाहीदला एक गोष्ट जाणवली आणि तिला ती अजिबात आवडली नाही. या बाईच्या तोंडाला, श्वासाला, बरण्यांतल्या पाण्याचा वास होता. आज पहिल्यांदाच या खोलीत पाऊल टाकणाऱ्या बाईच्या श्वासाला.

मुखरूनं सांगितलं ते थोडक्यात असं. आघन महिन्यात, म्हणजे डिसेंबरात, कमळाचा डोळा काढला. होळीपर्यंत ठीक होतं. मग तिनं जेवताना मधेच ताट सारायला सुरुवात केली. घास तोंडाशी नेला की ओकारी यायची. सरकारी दवाखाना झाला, देवऋषी झाला, सगळ्यांनी मनाचं आहे म्हणून सांगितलं. आता वीस दिवस झाले, पेजेच्या पाण्याशिवाय तिच्या पोटात काही नाही. आणखी आठ दिवस असेच गेले तर ती राहत नाही, हे मुखरूला दिसत होतं. तो डोळा मागायला आला होता.

“आमच्यात आंगातून निघालेलं मातीत देतेत, बाई,” तो म्हणाला. “बोट तुटलं तं बोट देतेत. मी आंगठा देऊन दिला कागदावर, मले का समजलं नाई. ते चूक माही.”

नाहीदला हे परकं नव्हतं. तिच्या आजोबांचा साखरेच्या दुखण्यानं कापलेला पाय तिच्या अब्बांनी, जलालुद्दीन घडीसाजांनी, पांढऱ्या कपड्यात गुंडाळून कब्रस्तानात दफन केला होता. पण नियम ते नियम. तिनं समजावलं, की तो डोळा आता तिन्ही संस्थांचा आहे, तिघांच्या सह्या लागतील, त्याला महिने जातील. आणि मनात म्हणाली, तिघांनी सही दिली तरी मी देणार कोणता...

तोवर गप्प बसलेल्या कमळाबाईनं उजवा डोळा हातानं झाकला.

“लोणच्याची बरणी हाये,” ती हळूच म्हणाली. “निळ्या झाकणाची. पाणी पिवळं पडलं हाये... वरती साय धरली हाये त्याच्यावर. आमी सात जणं आहो तिच्यात.”

खोलीत लाईन नव्हती. पंखा थांबलेला होता. नाहीदच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरला तो तिला कमरेपर्यंत कळला.

“हा डोळा मिटला का तो उघडते,” कमळाबाई म्हणाली. “जेवाले बसलं का ते सातच्या सात माह्याकडे पाहून राह्यतेत. आंगाले आंग लागून राह्यते त्याईचं. गिळू कशी, सांगा?”

नाहीद उठली. खालचा खण उघडला, फाइली बाजूला केल्या आणि बरणी काढून टेबलावर ठेवली. झाकण निळंच होतं. पाचेक महिने ते तिनं उघडलं नव्हतं. उघडल्याबरोबर जो भपकारा आला त्यानं मुखरू दोन पावलं मागं सरला. नुसत्या औषधाचा वास नव्हता तो. खालून काहीतरी गोडसर, नासलेलं वर येत होतं. पाणी पेजेसारखं गढूळ झालं होतं, काचेला आतून बुळबुळीत थर धरला होता आणि तळाशी सात डोळे एकमेकांना चिकटून बसले होते. उकडून सोललेल्या अंड्यांसारखे फिकट, घट्ट. प्रत्येकाच्या मागं नसेचा तुकडा, त्याला दोरा, दोऱ्याला कोरा कागद. नाहीदच्या घशाशी आंबट आलं. दोन वर्षांनी पहिल्यांदाच.

तिनं चूक कबूल केली. कोणाला आजवर सांगितलं नव्हतं ते त्या दोघांना सांगितलं. मुखरू रागावला नाही. त्याला धान वाळवताना दोन घरांच्या राशी मिसळल्या तर काय करतात ते ठाऊक होतं. ज्याचं त्याला ओळखू द्यायचं. तो म्हणाला, मग हिलेच पाहू द्या.

रीत अशी ठरली. कमळाबाईनं भिंतीकडं तोंड करून बसायचं, मुखरूनं तळहातानं तिचा चांगला डोळा दाबून धरायचा. नाहीदनं चिमट्यानं एकेक डोळा काढून कोणत्याही दिशेला धरायचा, न बोलता. ज्यातून तिला दिसेल तो तिचा.

पहिला डोळा वर येताना साय त्याच्यासोबत लोंबत आली. नाहीदनं तो खिडकीकडं धरला.

“खिडकी,” कमळाबाई म्हणाली. “भाईर सायकल ठेवली हाये. लाल हाये. चिमटा थोडा हळू धरा, बाई... लागते.”

सायकल नाहीदची होती आणि लालच होती. तिला सुटका झाल्यासारखं वाटलं. पहिलाच निघाला. तिनं तो पांढऱ्या ट्रेमध्ये वेगळा ठेवला. मुखरू हात काढणार होता, पण नाहीद नको त्या वेळी काटेकोर झाली. एकदा चूक झालेली, आता खात्री हवी म्हणून तिनं दुसरा उचलून पाठीमागच्या दिनदर्शिकेकडं धरला.

“क्यालेंडर,” कमळाबाई म्हणाली. “त्याच्यावर मशिदीचं चित्र हाये.”

तिसरा कपाटाकडं धरला. कमळाबाईनं कपाट सांगितलं, कपाटावरची धूळसुद्धा. चौथा नाहीदनं सरळ तिच्याकडंच वळवला. कमळाबाईनं हातानं स्वतःचे केस चाचपले. मग म्हणाली, “मीच बसली हावो तिथी. केस किती पिकले वं माहे.” पाचव्यातून तिला छत दिसलं. एकात एक बसून, एकमेकांचा रस पिऊन ते सात डोळे आता सात उरले नव्हते, नाहीदच्या लक्षात आलं. तिनं काटकसर म्हणून एका बरणीत घातले होते, आणि त्यांनी आपसात वाटून घेतलं होतं. कमळाबाईसोबतच मूलकडच्या ज्या बाईचा डोळा काढला होता ती मजेत जेवत-खात होती, बाजारात भेटली होती, असं मुखरू म्हणाला. मग सगळ्यांचं पाहणं एकट्या कमळाबाईच्याच वाट्याला का आलं, हे कोणाला सांगता येणार?

सहावा डोळा निसरडा होता. चिमट्यातून सुटला, बरणीत आपटला आणि ते पेजेसारखं पाणी उसळून नाहीदच्या तोंडावर आलं. उजव्या डोळ्यात गेलं, ओठांवर आलं. ती मोरीकडं धावली. टाकीतलं पाणी उन्हानं चटका बसेल असं तापलेलं होतं. तेच तिनं डोळ्यावर मारलं, पुन्हा मारलं, खळाखळा गुळण्या केल्या. बोट घशात घालून ओकली. नागपूरच्या डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं पंधरा मिनिटं डोळा धुतला. आग कमी झाली, पण जिभेवरचा तो गोडसर बुळबुळीतपणा गेला नाही.

परत आली तेव्हा डोळा लाल होता. तिनं उरलेलं उरकलं. सहावा दाराकडं, सातवा माठाकडं, दोन्हींतून कमळाबाईला दिसलं. आता विचार करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. नाहीदनं सातही डोळे मुखरूच्या दुपट्ट्यात ठेवले. वहीत ‘बरणी फुटली’ असं लिहायचं ठरवलं. कोणी विचारणार नव्हतं, प्रत्येक संस्थेला वाटलं असतं की दुसरीनं नेले. मुखरूनं गाठ मारली आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

“झाला का अंधार?” त्यानं विचारलं. त्याचा दुसरा हात अजून बायकोच्या डोळ्यावर होता.

“ते सात मिटले,” कमळाबाई म्हणाली. मग तिनं मान वाकडी केली. “पण... अजून दिसून राह्यलं.”

“काय दिसून राह्यलं?”

“तुमी. मांडीवर गाठोडं घेऊन बसले. अन् मी. माही पाठ दिसून राह्यली मले.”

त्या दोघांना तसं पाहता येईल अशा जागी खोलीत एकच माणूस उभं होतं. मुखरूनं मान वळवून नाहीदकडं पाहिलं.

“बाई,” कमळाबाई भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, “तुमी डोळे मिटा बरं.”

नाहीदनं डोळे मिटले.

“हां,” कमळाबाईनं सुस्कारा सोडला. “आता झाला अंधार.” आणि थोड्या वेळानं, लाजत, “भूक लागली वं बाई.”

खायला दुसरं काही नव्हतं. नाहीदनं डोळे मिटूनच चाचपडत आपला डबा पुढं सारला. पोळ्या आणि अख्तरीच्या हातची भेंडी. मुखरू क्षणभर घुटमळला असेल, कारण त्यांच्या घरात कोणी मुसलमानाच्या डब्यातलं खाल्लं नव्हतं, पण बायकोच्या हातातला घास काढून घ्यायला तो काही वेडा नव्हता. नाहीद अंधारात बसून ऐकत होती. कमळाबाई जेवत होती, भराभर, वीस दिवसांचं. आणि नाहीदच्या रिकाम्या तोंडात भेंडीची चव आली. मीठ किंचित जास्त. आईचं नेहमीचंच. तिनं स्वतःला समजावलं, की वास येतोय म्हणून तसं वाटतंय.

जाताना मुखरूनं हात जोडले. दिवसातून दोनदा, सकाळी अकराला आणि दिवेलागणीला, तेवढा अर्धा तास बाईनं डोळे मिटून बसावं. नाहीदचं दिवसभर काम पू आणि बुरशी पाहण्याचं. ते ताटात दिसलं तर कमळाच्या घशाखाली घास कसा उतरेल? नाहीदनं कबूल केलं. तिच्या चुकीनं एक बाई उपाशी मरत होती, अर्धा तास म्हणजे काय मोठं.

आठ दिवसांनी मुखरूचा फोन आला, सावलीच्या एसटीडीवरून. सातही शेतात पुरले, कमळा दोन वेळ पोटभर जेवते. त्या दिवशी नाहीद घरी जाऊन आईच्या कुशीत रडली, कारण न सांगता.

मग ती सवयच झाली. अकराला ती कडी लावून खुर्चीत डोळे मिटून बसे. संध्याकाळी घरी बसे, तेव्हा अख्तरीला वाटे, मुलगी अल्लाचं नाव घ्यायला लागली. चव रोज येत होती, आता तिला समजावण्याची गरज उरली नव्हती. गरम भात, पातळ वरण, अंबाडीची भाजी, कधी नदीच्या मासोळीचं रस्सं. केंद्रावर लागल्यापासून नाहीदला स्वतःच्या जेवणाची गोडी अशी राहिलीच नव्हती, पोट भरायचं म्हणून भरायचं. आता तिला भूक लागू लागली ती त्या परक्या ताटाची. अकरा वाजायच्या आधीच ती घड्याळाकडं पाहू लागे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चव बदलली. सकाळी डोळे मिटले तर तोंडात थंडगार, चिकट, मातकट असं काहीतरी भरलं. तिनं थुंकायचा प्रयत्न केला, थुंकण्यासारखं तोंडात काहीच नव्हतं. पावसाळ्याचे दिवस, घरात धान्य सरलं असेल, कंदमुळं उकडून खात असतील, असं तिनं मनाशी धरलं. चार दिवसांनी ते मऊ झालं, नासलेल्या लोण्यासारखं, आणि त्याच्यात बारीक वळवळ होती, जिभेच्या खाली, गालाच्या आत. नाहीद मोरीत जाऊन ओकली. दुसऱ्या दिवशीही ओकली. पण डोळे मिटायचं तिनं टाळलं नाही, कारण शब्द दिला होता आणि तिकडं कोणीतरी जेवत होतं. तिसऱ्या आठवड्यात ओकाऱ्या थांबल्या.

त्याच आठवड्यात मुखरू केंद्रावर आला. एकटाच. डोकं भादरलेलं होतं. तो पायरीवरच बसला, आत आला नाही. सांगायला उशीर झाला म्हणाला, नदी फुगली होती, रस्ता बंद होता. कमळाला ताप आला आणि चार दिवसांत आटोपलं. पोळ्याच्या दिवशी गेली.

“जेवून गेली, बाई,” तो म्हणाला. “उपाशी नाई गेली, तुमच्यानं. जिथी ते सात पुरले तिथीच तिले मातीत देलं. आता तुमी डोळे मिटू नका. झालं तुमचं काम.”

नाहीद मनात दिवस मोजत होती. पोळा झाल्याला आज एकोणीस दिवस झाले होते. एकोणीस दिवस, दोन वेळा. तिला मुखरूला विचारायचं होतं, की मग काल दिवेलागणीला कोण जेवत होतं, आणि काय... पण म्हातारा इतका शांत दिसत होता की तिची जीभ उचलली नाही. त्यानं हात जोडले, चपला घातल्या आणि गाडीच्या वेळेवर निघून गेला.

तो फाटकापर्यंत पोचेतो नाहीद दारात उभी होती. मग तिनं दार लावलं, कडी घातली आणि खुर्चीत येऊन बसली. घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती. डोळे उघडे ठेवायचे, तिनं स्वतःला बजावलं, आता कोणासाठी मिटायचे? किळसेनं तिच्या अंगावर काटा आला होता, हात गार पडले होते.

आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.